बोटमास्तर

राठोड सरांचा चहाचा कप स्टाफरूममधल्या टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेला असायचा. नुसता कपच नाही. डस्टर, पाण्याची बाटली, छत्री, पेन, जे जे म्हणून हलू शकेल ते ते त्यांनी कशाला ना कशाला बांधून ठेवलेलं. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, या शाळेत चोऱ्या फार होत असाव्यात. तसं काही नव्हतं. सर बरीच वर्षं बोटीवर पियानो वाजवत होते, आणि बोटीवर न बांधलेली वस्तू आपली नसते, असा त्यांचा कायदा होता. बोट सुटली तरी कायदा सुटला नाही.

आम्ही हसायचो. पण आमचं वणी हे कोळशाचं गाव. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की शाळेच्या खिडक्या थरथरतात आणि टेबलाच्या कडेला ठेवलेलं काहीतरी अधूनमधून खाली येतं. माझेच कप किती गेले. सरांचा एकही गेला नाही, आणि याबद्दल त्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा.

त्यांच्या मुलाखतीला मी हजर होते. कोरोनात बोटी बंद पडल्या, सर घरी आले ते आलेच. शाळेला संगीत शिक्षक हवा होता. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "आधी काय करत होते?"

"बोटीवर पियानो वाजवत होतो, साहेब."

अध्यक्षांना कानानं कमी ऐकू येतं, आणि ते त्यांना मान्य नाही. "बोटानं?" ते म्हणाले. "मंग लोकं काय पायानं वाजवतात?"

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. सर जराही न हसता म्हणाले, "पायानंबी वाजवा लागते साहेब. खाली पेडल असतात."

नोकरी मिळाली, आणि त्याच संध्याकाळपर्यंत शाळेच्या शिपायापासून गेटसमोरच्या पानठेल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांचं नाव 'बोटमास्तर' करून टाकलं. पुढं मुलंही मागून तेच म्हणत. सरांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "चांगलं नाव आहे. दोन्ही बोटं आली त्यात."

त्यांचं सगळं चरित्र मला माहीत नाही. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. आर्णीच्या पुढं त्यांचा तांडा. आई लहानपणीच गेली, मोठ्या बहिणीनं वाढवलं. आश्रमशाळेतल्या पेटीवर हात बसला, मग नागपूरचा ऑर्केस्ट्रा, मग गोव्याचं एक हॉटेल. तिथं एका म्हाताऱ्या गोवेकरानं त्यांना जॅझ शिकवलं आणि तिथूनच ते बोटीवर गेले. ती बोट कॅरिबियन बेटांमधून फिरायची. बायकोचं माहेर वणीचं, म्हणून शेवटी वणी.

मी भूगोल शिकवते. वेस्ट इंडीज बेटं मी वीस-बावीस वर्षं काठीनं दाखवत आले आहे, आणि आता ती प्रत्यक्ष पाहिलेला माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता. मी त्यांना नववीच्या वर्गात नकाशासमोर उभं केलं. म्हटलं, सांगा मुलांना. सरांनी बराच वेळ नकाशा पाहिला. मग एका बेटावर बोट ठेवून म्हणाले, "इथं भेंडी भेटते. आपल्यासारखीच." दुसऱ्यावर ठेवलं, "इथला रामोन. आमच्या बॅन्डात कोंगा वाजवे. कोंगा म्हणजे उभा ढोल, हातानं वाजवतात." मग सगळ्या समुद्रावरून हात फिरवला, "अन् हे सगळं ऊन." एवढंच. मुलं खूश झाली. माझा तास वाया गेला.

शाळेचा पियानो खाणीतल्या एका साहेबानं बदली झाल्यावर देऊन टाकलेला. आमच्याकडं तो कपाटासारखा वापरला जात होता. वर बक्षिसांच्या ढाली, आत उंदीर. सरांनी तो महिनाभर खपून उभा केला. आतल्या हातोड्यांना जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवले, वर न येणाऱ्या पट्ट्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. वणीत पांढरी वस्तू पांढरी राहत नाही. रोज सकाळी ते ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसत, आणि फडकं काळं होई. पुसता पुसताच सूर लागत, आणि त्या पुसण्यातूनच त्यांच्या काही चाली निघाल्या असं ते गंभीरपणे सांगत. खाणीचा भोंगा झाला की हात थांबवून ऐकत. "काळी चारमध्ये आहे," म्हणत. एकदा म्हणाले, "आज उतरला जरासा. थंडीनं असन." प्रार्थना ते भोंग्याच्या सुरातच सुरू करत, म्हणजे म्हणे गावाशी भांडण राहत नाही.

आता सम. हे सांगायलाच हवं, कारण राठोड सरांबद्दल वणीत जी काही चर्चा झाली ती या एका अक्षरजोडीवरून झाली. ताल फिरत फिरत ज्या मात्रेवर परत येतो, जिथं गाणाऱ्याची मान हलते आणि ऐकणाऱ्याचा हात मांडीवर पडतो, ती सम. मला संगीतातलं कळत नाही, पण एवढं भजनाला बसणाऱ्या कुणालाही कळतं. राठोड सर सम वाजवत नसत. सगळं वाजवत, नेमकी तिथं बोटं उचलत. रामोनच्या देशात म्हणे अशीच रीत आहे. खालचा सूर आधीच येऊन उभा राहतो आणि पहिली मात्रा रिकामी जाते.

स्टाफरूममध्येही हेच. टेबलावर दोन्ही हातांनी काहीतरी वाजवायचे, आणि सम आली की हात वर. मग समोरच्याकडं पाहत राहायचे. शेवटी आपल्यालाच राहवत नसे, आणि आपण चमचा कपावर मारत असू. मग ते समाधानानं पुढं जात. पहिल्या वर्षी मला तो वैताग वाटला. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की आता माझा चमचा चुकत नाही.

ढोबळे सरांना मात्र हे सहन होत नसे. ढोबळे सर मराठी शिकवतात आणि भजनी मंडळात तबला वाजवतात, आणि दोन्हीकडं त्यांना व्याकरण लागतं. "वानखडे मॅडम," ते मला म्हणायचे, "हा माणूस सम खाते. जेवणात मीठ नाही टाकलं तं एखादवेळी चालते. पण यानं जेवणच नाही वाढलं!"

त्यांचं भांडण स्नेहसंमेलनात चव्हाट्यावर आलं. सरांनी कोळशाच्या मालगाडीवर एक चीज बांधली होती. वर दुर्गा राग, मधे गोव्याच्या म्हाताऱ्याचं जॅझ आणि खाली रामोनचा ताल. तबल्याला ढोबळे सर. ढोबळे सरांनी ठरवूनच आणलेलं असावं. ते प्रत्येक समेवर असा काही हात मारू लागले की पडद्यामागं झोपलेला शिपाई उठून उभा राहिला. पियानोवरून राठोड सर हळूच म्हणाले, "ढोबळे सर, तेवढं नका वाजवू. तितली जागा रिकामी पाह्यजे." माइक चालू होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. ढोबळे सरांनी तबल्यावरून हात उचलले, घडी घालून मांडीवर ठेवले आणि परत काही लावले नाहीत.

मग नुसता पियानो उरला, आणि ती रिकामी जागा उघडी पडली. गाडी यायची, यायची, आणि ऐन ठिकाणी काहीच नाही. पालक एकमेकांकडं पाहू लागले. पुढं सतरंजीवर बसलेली चौथीची मुलं मात्र थोड्या वेळानं तिथं पाय आपटू लागली. धूळ उडाली, पाहुण्यांना खोकला आला, आणि चीज संपली. अध्यक्ष म्हणाले, "बाकी ठीक होतं. पण तुमचं ते एक राहूनच जाते. पुढच्या वर्षी सिनेमातलं घ्या." गावात दुसऱ्या दिवशी एवढंच पसरलं होतं, की बोटमास्तर चुकला.

मला ते आवडलं की नाही, आजही सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना माझं लाटणं एका ठिकाणी थांबत होतं.

त्याच उन्हाळ्यात सरांची बहीण जमनीबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वणीला आली. मी डबा घेऊन भेटायला गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशांची जुनी कांचळी; जीभ मात्र अगदी ताजी. माझी वांग्याची भाजी तिनं एका डोळ्यानं पाहून नापास केली. सर तिच्या पायाशी बसून तिची औषधाची बाटली खाटेच्या खुराला बांधत होते. घरातला कीबोर्ड गोधडीखाली झाकलेला. ती आल्यापासून त्याला हात लावला नव्हता, असं त्यांची बायको म्हणाली.

तेवढ्यात शिकवणीची एक मुलगी आली, आणि तिनं कुणाला न विचारता गोधडी काढून सराव सुरू केला. जमनीबाई ताबडतोब उठली. भिंत चाचपत दाराकडं निघाली. मी हात धरून तिला अंगणात निंबाखाली नेलं.

"काय झालं, बाई? आवाजाचा त्रास होते काय?"

"आवाजाचा नाही, मॅडम. पेटीचा." ती कीबोर्डला पेटीच म्हणायची. मग म्हणाली, "तुमी ढावलो ऐकला काय कधी?"

मी नुसतं नाव ऐकलं होतं. तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो.

"माह्या लग्नात मी समद्याइच्या गळ्यात पडली," ती म्हणाली, "पण याले सोडवे ना. माय गेल्यावर म्याच पोसलं याले. मी बैलावर चढाले गेली तं वढणी मागं वढल्या गेली. पाहते तं यानं वढणीचं टोक खाटेले बांधून ठेवलं होतं. गाठीवर गाठ. म्या त्याच्या गळ्यात पडून जो ढावलो केला, तो पुऱ्या तांड्यानं ऐकला."

बांधायची खोड बोटीवरची नव्हती तर.

"मंग हा मोठा झाला. बोटीवरून सुटीवर आला, मोबाईलवर दाखवलं. मोठी खोली, दिवेच दिवे, हा पेटीवर. म्या लगेच वळखलं. माह्याच ढावलो होता. पुरा. जसाच्या तसा. म्या म्हटलं, अन् हे मानसं खाली मुंड्या घालून काय करून राह्यले रे? तं म्हणे, जेवून राह्यले." तिनं पट्टीखालून डोळा पुसला, डॉक्टरांनी पुसू नका सांगितलं होतं. "नवरी नाही, बैल नाही, कोनी चाललं नाही कुठं. माह्यं रडणं यानं लोकाइच्या ताटात वाढलं, मॅडम."

"मग त्याला माफ नाही केलं?"

"माफी कायची? लेकरू आहे माह्यं. जेवू घालते, रागावते, समदं करते. पण वाजवाले बसला का मी उठली. तवापासून."

आतून सरावाचे सूर येत होते, तेच ते, वर-खाली. ते थांबेपर्यंत ती आत गेली नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी सरांना सरळच विचारलं. मला आडवळण जमत नाही. "सर, ती सम तुम्ही कायले सोडता? रामोनमुळं का जमनीबाईमुळं?"

त्यांनी टेबलावरचे हात उचलून घेतले. "शिकवलं रामोननंच," ते म्हणाले. "तो म्हणे, पहिली मात्रा आपली नसते, नाचणाऱ्याची असते. तवा मी हसलो होतो. त्या रात्री जेवणाच्या हॉलमधे मी पुरं वाजवलं. ढावलोत बाई एका जागी येऊन टेकते नं, तेबी वाजवलं. टाळ्याबी पडल्या." बराच वेळ ते कपाच्या सुतळीशी खेळत राहिले. "घरी आलो तं बाई उठून गेली. मंग समजलं, तितं मी टेकाले नाही पाह्यजे होतं. ते तिचं ठिकाण आहे. आता कोनतीबी चीज असू द्या, मी तेवढं सोडतो. तिची इच्छा होईन तवा ती येईन."

मला ते जरा नाटकी वाटलं, आणि मी तसं म्हणाले. मालगाडीच्या गाण्यात बहीण कशी येणार?

"असन," ते म्हणाले, आणि घंटा झाली.

सरांची मुलगी कविता नागपुरात नर्स आहे. तिचं लग्न तांड्यावरच करायचं ठरलं, कारण आत्यानं तसं बजावलं होतं. आत्याची आणखी एक अट होती. बिदाईला ढावलो होईल, आणि लग्नात भावाची पेटी दिसणार नाही. स्टाफरूममध्ये ही अट कळल्यावर ढोबळे सरसुद्धा हळहळले. "बापाले पोरीच्या लग्नात वाजवू द्यायला काय हरकत आहे?" ते मला नंतर म्हणाले. "सम खाते म्हणून काय झालं?" माणसाचं काही सांगता येत नाही.

शाळेची गाडी घेऊन आम्ही आठदहा जण गेलो. तांड्यावर आता पक्की घरं आहेत, डिश आहेत, आणि त्या दिवशी आर्णीहून आणलेली बेंजो पार्टी होती. दोन भोंगे, एक ढोल, आणि तिपाईवर एक स्वस्तातला कीबोर्ड. वरातीत त्यांनी इतकं वाजवलं की माझ्या कानांना दडे बसले. राठोड सर रिकाम्या हातांनी फिरत होते. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहत होते. हातांचं काय करावं हे कळत नसल्यासारखे ते मंडपाचे दोर तपासत होते, सुटलेली गाठ परत मारत होते.

दुपार कलली आणि बिदाईची वेळ झाली. बैलाच्या जागी पांढरी गाडी होती, फुलांनी मढवलेली. बाजा थांबला. कविता आत्याच्या गळ्यात पडली. तिला ढावलोची पहिली ओळ येत होती. मोबाईलवरून पाठ केलेली. ती म्हणाली, आणि पुढं तिला नुसतंच रडू आलं, तुमच्याआमच्या मुलींना येतं तसं.

तेव्हा जमनीबाईनं ढावलो उचलला.

बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले शब्द मला कळले नाहीत. भाऊ, विहीर, उंबरा, एवढं कानावर पडलं. आवाज म्हातारा होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. तो वर जायचा, रेंगाळायचा, आणि हळूहळू एकेक पायरी खाली येऊन एका जागी टेकायचा. ढोबळे सरांची मान दर वेळी तिथं हलत होती. माझ्या हातात चमचा नव्हता, पण बोट हललंच. भाचीला सोडून ती वहिनीच्या गळ्यात पडली, मग आणखी कुणाच्या. सगळ्यात शेवटी भाऊ उरला. सर बेंजो पार्टीच्या तिपाईजवळ उभे होते, मागं सरकायला जागा नव्हती.

ती त्यांच्यासमोर आली. सूर वर गेला, रेंगाळला, खाली येऊ लागला, आणि दम संपला. तोंड उघडं, मान पुढं, पण आवाज नाही. ती टेकू शकली नाही. एवढा मोठा मंडप, आणि ती जागा रिकामी. स्नेहसंमेलनात असंच झालं होतं, पण तेव्हा मला पुढचं ऐकायची घाई होती. आता श्वास घ्यायची भीती वाटत होती. मला रडू आलं, आणि आपल्याला कुणी पाहिलं तर, याचा रागही आला.

राठोड सर हलले नाहीत. हात पाठीमागं होते.

जमनीबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या दोन्ही डोळ्यांनी. मग हनुवटीनं त्या तिपाईकडं दाखवलं.

"बजा रे, भिया," ती म्हणाली.

सरांनी पाठीमागचा उजवा हात पुढं आणला. एक बोट पुढं केलं, आणि एक पट्टी दाबली. एकच सूर. जिथं ती टेकणार होती, तिथं.

"सम," ढोबळे सर माझ्या शेजारी पुटपुटले. त्यांचे डोळे भरले होते. "दिली बरं यानं."

जमनीबाईनं भावाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. गाडी सुरू झाली, बायका कवितेला आत बसवू लागल्या, अक्षता उडाल्या, कुणीतरी आमच्या हातात बुंदीचे पुडे दिले आणि आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. परतीचा रस्ता लांबचा होता. पियानोचा सूर आपोआप विरत जातो. स्वस्तातल्या कीबोर्डचा पट्टी सोडेपर्यंत थांबत नाही. आम्ही गाडीत बसेपर्यंत तो एकच सूर मंडपातून येत होता. मी काचेतून वळून पाहिलं. बहीण तशीच खांद्यावर होती, आणि राठोड सरांनी बोट अजून उचललं नव्हतं.